पिन तुटली होती, अण्णा

अण्णा,

तुमच्या दहाव्याला मी आले होते. नदीकाठी सगळ्यांच्या मागं, लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. काकूंना भेटायचं, त्यांचा हात थोडा वेळ धरून ठेवायचा आणि परत निघायचं, एवढंच मनात होतं. पण विधी सुरू व्हायच्या आधी एक पांढरी गाडी उताराला येऊन थांबली. तिच्या स्टिअरिंगशेजारचा काळा दांडा मला काचेतून दिसला. माझ्या गाडीला तुम्ही बसवलात, अगदी तसाच. कुबडी टेकत एक माणूस उतरला आणि मागच्या दारातून दोन लहान मुली उतरल्या.

त्यानंतर तिथं काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी त्या मुलींकडं बघत होते. एकीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, दुसरी तो मागत होती. मला एवढंच कळत होतं, की आता उठून त्या माणसाला गाठलं पाहिजे. मी पायांतल्या कॅलिपरचे लॉक लावून, काठी सावरून उभी राहीपर्यंत तो काकूंना भेटून निघालासुद्धा. गाडी चढाला लागली. वर मोठा रस्ता आहे, ट्रक आहेत. मी त्या गाडीला हाक मारली नाही. काय म्हणून हाक मारणार होते?

तुम्हाला मी एक गोष्ट सांगितली नव्हती अण्णा. दीड वर्ष सांगितली नाही. ती आता सांगते.

आधी त्या दिवसाचं बोलू द्या, जेव्हा मी पहिल्यांदा तुमच्या गॅरेजवर आले. लोहाऱ्याहून वाडीच्या शाळेत जायला मला जीपशिवाय सोय नव्हती, आणि पुढची सीट भरलेली असली की जीपवाला मला बघून न बघितल्यासारखं करून पुढं जायचा. माझ्या दोन्ही पायांत लहानपणापासून पोलिओ. मागच्या फळीवर मला चढता येत नाही. एका ओळखीच्या गुरुजींनी त्यांची जुनी ऑटोमॅटिक, क्लच नसलेली गाडी मला विकत दिली होती. ती दुसऱ्याकडून चालवून घेत मी उमरग्याला तुमच्यापुढं उभी केली आणि विचारलं, "ही नुसत्या हातानं चालवता येईल असं काही करता येतं का?"

तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढलात, स्वतःचे दोन्ही पाय घोट्याशी करकचून बांधलेत आणि माझ्या गाडीत चालकाच्या जागेवर जाऊन बसलात. बराच वेळ तसेच बसून होतात. हात इकडं नेऊन बघितला, तिकडं नेऊन बघितला. गॅरेजवरची माणसं हसायला लागली होती. तुम्ही पाय सोडलेत आणि मला म्हणालात, "मास्तरीण, आता कळलं मला. पंधरा-वीस दिवस दे."

माझ्या अख्ख्या आयुष्यात माझं काय अडतं ते समजून घ्यायला कुणी स्वतःचे पाय बांधले नव्हते.

तुम्ही दांडा बनवलात. पुढं ढकलला की ब्रेक, मागं ओढला की रेस. एक सळई खाली ब्रेकच्या पॅडलला जोडलेली, सांध्याला एक पिन, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकातून ओवलेली वाकडी तार. बाजार समितीच्या मैदानात सकाळी सकाळी तुम्ही मला शिकवलंत. शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवायचात आणि म्हणायचात, "घाबर की. घाबरलेला माणूस गाडी चांगली चालवतो." पहिल्यांदा मी एकटीनं मैदानाला चक्कर मारली तेव्हा माझी आई काठावर उभी होती. तिनं तुम्हाला हात जोडून "जयभीम अण्णा" म्हटलं. "जयभीम माय," म्हणालात आणि टॉवेलानं हात पुसत बसलात, हात स्वच्छ होते तरी.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, कागदाचं.

मी विचारून आले होते. गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओची परवानगी लागते. बसवायचं साहित्य तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेलं असावं लागतं. बसवल्यावर इन्स्पेक्टर गाडी बघतो, मग आरसीवर नोंद होते, की ही गाडी अपंग चालकासाठी बदललेली आहे. ती नोंद झाल्याशिवाय मला पक्का परवाना मिळणार नव्हता. माझ्याकडं फक्त शिकाऊ परवाना होता. तो संपला की मी पुन्हा काढत होते. शेजारी परवानावाला माणूस बसवून चालवायची गाडी मी एकटी चालवत होते. शाळेत पोरांना वाहतुकीचे नियम शिकवणारी बाई खाकी कपडा दिसला की गाडी शेतरस्त्याला घालत होती.

मी तुम्हाला तो अर्ज आणून दिला होता. तुम्ही तो घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "कागद ब्रेक लावतो व्हय गं?"

"ब्रेक लावत नाही अण्णा. पण नियम आहे."

"म्या चाळीस वर्सं गाड्या उघडतोय. कोन येऊन मला प्रमानपत्र देनार? तुझा माज्या हातावर इस्वास न्हाय का?"

पुढच्या खेपेला पुन्हा विषय काढला तर तुम्ही उठून दुसऱ्या गाडीखाली गेलात. पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी त्या पायांशी बोलून निघून आले.

त्या भांडणाला आठ दिवसही झाले नव्हते. शाळा सुटल्यावर मी लोहाऱ्याकडं येत होते. वाडीच्या वळणावर एक म्हातारी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी दांडा पुढं ढकलला. दांडा पुढं गेला, गाडी थांबली नाही. हाताला काहीच लागलं नाही अण्णा. पाण्यात हात घालावा तसा तो दांडा मोकळा गेला. मी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग फिरवलं. गाडी म्हातारीच्या अंगावरून वारा जावा इतकी जवळून गेली आणि बांधाच्या चारीत जाऊन बसली. पेंढी खाली पडली होती. म्हातारी उभीच होती. ती मला म्हणाली, "लागलं न्हाय ना गं बाय तुला?"

पायाखाली चाचपलं तर तार तुटलेली आणि पिन पायपुसण्यावर पडलेली.

मी तुम्हाला फोन केला नाही. लोहाऱ्यात एका वेल्डिंगवाल्याकडं गेले. त्याला पिनेच्या जागी बोल्ट घालून नट वेल्ड करून द्यायला सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हटलं. का सांगितलं नाही? तुमच्या छातीचं दुखणं तेव्हा नुकतंच निघालं होतं, तुम्हाला धक्का बसेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्ही ऐकलं असतंत तर त्याच दिवशी दांडा काढून घेतला असतात, आणि मी पुन्हा जीपच्या थांब्यावर उभी राहिले असते. मला त्याची भीती होती. म्हातारीच्या जिवापेक्षा जास्त भीती मला त्या थांब्याची होती. हे खरं आहे.

मग काही महिन्यांनी तुमचा फोन आला. आवाजात मोठी खुशी. "मास्तरीण, ईट गावचा संदीप म्हनून हाय. उजवा पाय मळणी यंत्रात गेला बिचाऱ्याचा. बायकोचं माहेर इकडलं, त्यानं तुझी गाडी बघितली. त्याला बी बसवून दिला दांडा."

मी म्हणाले, "छान केलंत अण्णा."

एवढंच म्हणाले. तुम्हीही पुढं काही बोलला नाहीत, पण फोन लगेच ठेवलाही नाहीत. ती शांतता मला तेव्हा कळली नाही.

त्यानंतर दोनदा तुम्ही फोन करून म्हणालात, "गाडी घेऊन ये की. जरा बघायचंय." दोन्ही वेळा मी काहीतरी कारण सांगितलं. एकदा परीक्षा, एकदा आई आजारी. वेल्ड केलेला नट तुम्हाला दिसेल, म्हणून आले नाही. तिसऱ्यांदा फोन आला तो तुमचा नव्हता.

दहाव्यानंतर काकूंकडून संदीपचा नंबर घेतला. चार दिवस तो नंबर माझ्या टेबलावर होता. दोनदा लावला आणि पहिल्या रिंगला बंद केला. वर्गात फळ्यावर लिहिताना मला त्या दोन मुली दिसायच्या. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी दचकायचे. तिसऱ्यांदा धीर करून लावला तर फोन बंद. दिवसभर बंद. आई म्हणाली, "रेंज नसंल." पण माझ्या डोक्यात एकच: चढ, ट्रक, मोकळा गेलेला दांडा.

रविवारी सकाळी मी निघाले. आईला सांगितलं, कामाला चाललेय. लोहारा एका टोकाला, ईट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. एक हात दांड्यावर आणि नजर हँडब्रेकवर. मागचे लोक हॉर्न देत, शिव्या देत पुढं जात होते. येडशीच्या बाजूला घाटाचा उतार लागला तेव्हा मी मोठ्यानं बोलत होते, तुमच्याशीच, काय ते आठवत नाही.

ईटला संदीपच्या घरी त्याची बायको होती. "ते पोरींना घेऊन मळ्यात गेलेत, येतीलच," म्हणाली. चहा ठेवला. मी चहा पिऊ शकले नाही. अर्धा तास मी ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होते. मग ती पांढरी गाडी आली. पोरी आधी उतरल्या, मागून तो. मला जे काही बोलायचं होतं ते पोरी आत जायच्या आतच बोलून टाकलं. पिन, तार, म्हातारी, सगळं.

संदीप खाली वाकला, दांड्याखालचं कव्हर काढलं आणि मला म्हणाला, "मॅडम, हितं बघा."

तिथं पिन नव्हती. जाड बोल्ट होता, त्याला दोन नट, आणि सांध्याला समांतर दुसरी सळई. एक निसटली तरी दुसरी ब्रेक दाबेल अशी.

"अण्णांनी मला बसवतानाच सांगितलं होतं," संदीप म्हणाला. "पहिल्या गाडीत माज्याकडून चूक झाली, म्हणले. लोहाऱ्याचा वेल्डिंगवाला उमरग्याला माल न्यायला येतो, त्याच्याकडून त्यांना कळलं होतं. ती पोरगी मला काय बोलली न्हाय, म्हणले. तिची गाडी आणून नीट करायचीय."

मी पुन्हा ओट्यावर बसले.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही त्याच गाडीतनं आलात का इथवर?"

त्यानं कुबडी बाजूला ठेवली, माझ्या गाडीत आडवा पडून दांड्याखाली हात घातला. मग मला जवळ बोलावलं. वेल्डला केसाएवढी चीर गेली होती. नट बोटानं हलत होता. उताराला मी ज्या दांड्यावर भार देऊन आले, तो त्या चिरेवर टिकून होता.

अण्णा, मला तुमचा राग येतो. हे तुमच्या मरणानंतर महिन्याच्या आत लिहायला नको, पण येतो. तुम्हाला माहीत होतं. "गाडी घेऊन ये, जरा बघायचंय," असं काय बोलायचं? "त्या गाडीत बसू नको, मरशील," असं का नाही सांगितलंत? आणि लगेच कळतं, की हेच मलाही कुणी विचारू शकतं. तुम्हाला तुमची चूक तोंडानं काढता येईना आणि मला माझी. आपण दोघं फोनच्या दोन टोकांना गप्प राहिलो. मधे लहान पोरी असत्या, म्हातारी असती, कुणीही असतं.

संदीपनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

"तुम्ही दिलेला अर्ज अण्णांनी मला दाखवला होता. दोनदा वाचून घेतला माज्याकडून. त्यांना सहीपुरतंच येत होतं मॅडम. बाईला सांगू नको, म्हणले. मास्तरनीपुढं कसं सांगू."

चाळीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस एका छापील कागदाला भ्याला होता, आणि मी त्याला गर्व समजले. माझं कामच अक्षर ओळखीचं. पहिलीच्या पोराच्या तोंडावरून मला कळतं, की याला वाचता येत नाही आणि हा लपवतोय. तुमच्या तोंडावरून मला दोन वर्षांत कळलं नाही. मी तुमच्या शेजारी बसून तो अर्ज भरला असता तर तास लागला नसता.

माझी गाडी मी ईटलाच ठेवली आणि एसटीनं परत आले. संदीपच्या बायकोनं मला बसमध्ये बसवून दिलं. पुढच्या आठवड्यात मी आणि संदीप धाराशिवला आरटीओ ऑफिसला गेलो. त्याची गाडी त्याच्या मेव्हण्यानं टोचन लावून ओढत आणली, कारण मीच म्हटलं होतं, की आता कागद होईपर्यंत कुणी चालवायची नाही. ऑफिसच्या पायऱ्या चढताना एकच विचार होता: आता हे लोक विचारतील, इतकी वर्षं कशी चालवलीत? दंड, केस, नोकरीवर परिणाम, सगळं डोळ्यांपुढं. मी ठरवलं होतं, विचारलं तर खरं सांगायचं.

इन्स्पेक्टर मॅडम होत्या. त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "यापुढं एक दिवसही नाही." मग त्या संदीपच्या गाडीत आडव्या झाल्या आणि बॅटरी मारून तुमचं काम बघितलं. दोन नट, दुसरी सळई, सगळं हात लावून बघितलं.

"कुणी केलंय?"

"आमच्या अण्णांनी," संदीप म्हणाला.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण मी चांगलं म्हणून उपयोग नाही. हा दांडा किती जोरानं दाबला की वाकतो, कितीदा दाबला की तुटतो, हे कुणी बघितलंय का? प्रमाणपत्र म्हणजे दुसरं काय असतं? तो भाग आधी कुठंतरी कुणीतरी मुद्दाम तोडून पाहिलेला असतो, म्हणजे तो तुमच्या हातात तुटू नये."

ऐकलंत अण्णा? इतकं साधं होतं. तुम्ही तर माझे पाय समजायला स्वतःचे पाय बांधून बसलेला माणूस. ही गोष्ट कुणी तुम्हाला अशी तोंडानं सांगितली असती, तर तुम्हीच पहिला दांडा तोडून बघितला असतात. मी तुम्हाला "नियम आहे" म्हणाले. नियम का आहे, ते मलाच माहीत नव्हतं.

मॅडम पुढं म्हणाल्या, "त्यांना सोबत आणायचं होतं की. असं काम मंजुरीला कुठं पाठवायचं, ते मी सांगितलं असतं."

मी सांगितलं, की तुम्ही गेलात.

दोन्ही दांडे काढले. माझा ईटला संदीपनं काढला, त्याचा ऑफिसच्या आवारातच मेव्हण्यानं. आता प्रमाणपत्र असलेलं साहित्य पुण्याहून मागवायचं, आधी परवानगीचा अर्ज, मग बसवणं, मग तपासणी, मग आरसीवर नोंद, मग माझी चालवण्याची परीक्षा. दोन्ही अर्ज मी भरले. "बदल कोणी केला" या रकान्यात जुन्या बदलाची माहिती द्यायची होती. तिथं पेन थांबलं. तुमचं नाव लिहिलं तर तुमच्या माघारी तुमच्यावर ठपका येईल का, काकूंना कुणी त्रास देईल का, अशी भीती वाटली. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "माणूस गेलाय. लिहा. कुणी केलं ते कळलं पाहिजे, नाहीतर तिसरी अशी गाडी कुठं आहे ते आम्हाला कसं कळणार?" मग मी लिहिलं. तुमचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा लिहिलं.

तिसरी गाडी नाही. गॅरेजवरच्या माणसांनी लिहून ठेवलेली तुमची कामांची वही काकूंनी आणि मी पान न् पान बघितली. नाही.

सध्या मी जीपच्या थांब्यावर उभी असते. पुढची सीट मिळाली तर जाते, नाही मिळाली तर पुढच्या जीपची वाट बघते. शाळेला उशीर होतो. ज्या थांब्याला मी एवढी भ्याले होते, तो नुसता थांबा आहे. ऊन लागतं, पाय दुखतात. त्या म्हातारीचं घर मी शोधून काढलं. त्या दिवशी काय झालं होतं ते तिला सांगितलं. ती हसली आणि तिनं मला शेंगा दिल्या. मला ते हसणं सहन झालं नाही.

गाडीची तपासणी होईल तेव्हा मला मॅडमच्या समोर जोरात गाडी पळवून एकदम ब्रेक लावून दाखवायचा आहे. त्याची मला आत्तापासून भीती वाटते. दांडा पुढं ढकलताना हात आखडतो, नुसता विचार केला तरी. पण त्या दिवशी गाडीत बसण्याआधी मी त्यांना सांगणार आहे, की मॅडम, मला भीती वाटतेय. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. तेवढं एक मी तुमच्यासाठी करणार आहे अण्णा.